डावीकडे मोकळं आहे

नलूमावशी गाडीत बसल्या की आधी काहीच करायच्या नाहीत. पट्टा लावायचा, पर्स मागच्या सीटवर टाकायची आणि हात मांडीवर ठेवून समोर बघत बसायचं. किल्ली माझ्या हातात असायची, पण फिरवायची परवानगी नसायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, त्या मनातल्या मनात एखादं स्तोत्र म्हणत असतील. मीही आदराने गप्प बसले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "मेघना, घाई कुठे ठेवलीस?" मला काही कळेना. "अगं, घाई. ती दाराबाहेर काढून ठेवायची, चपलांच्या, त्या जॅन्डल्सच्या शेजारी. परत आल्यावर घाल हवी तर. गाडीत आणायची नाही."

मी पुण्याची. सिग्नल पिवळा झाला की वेग वाढवायचा, हे बाळकडू मला शाळेत असतानाच मिळालेलं. हॉर्न हे आमच्याकडे बोलण्याचं साधन आहे. 'आलोय', 'चाललोय', 'तुला दिसत नाही का' हे सगळं आम्ही त्याच्यावरच सांगतो. असल्या पूर्वसंस्कारांसह मी टौरंगात, ऑकलंडपासून काही तासांवरच्या या बंदराच्या गावात आले आणि ड्रायव्हिंगच्या पहिल्याच प्रॅक्टिकल टेस्टमध्ये नापास झाले. स्टॉपच्या पाटीपाशी मी जवळजवळ थांबले होते. परीक्षकाला जवळजवळ चालत नव्हतं.

हे नापास होणं मला परवडणारं नव्हतं. मी इथल्या एका दवाखान्यात नर्स आहे. नव्या वर्षापासून मला पेशंटच्या घरी जाऊन ड्रेसिंग करायचं काम मिळणार होतं, आणि भारतातलं लायसन्स इथे ठरावीक मुदतीपर्यंतच चालतं. माझी मुदत संपत आली होती. नवरा, प्रसाद, किवीफ्रूटच्या पॅकहाऊसमध्ये मशिनं सांभाळतो. हंगामात तो घरी फक्त झोपायला येतो. तो मला शिकवायला बसला की आमचं लग्न धोक्यात यायचं. शेवटी गणपतीच्या आरतीला हॉलमध्ये कुणीतरी म्हणालं, "नलूमावशींना विचार की. इथल्या निम्म्या बायका त्यांनीच रस्त्यावर आणल्यात."

सत्तरी नुकतीच ओलांडलेली बाई. कापलेले पांढरे केस, सुती कुर्ता, त्यावर फ्लीसचं जाकीट आणि पायात धावायचे बूट. यजमान बंदरावर इंजिनियर होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी ऑकलंडला बँकेत. मावशी एकट्या ग्रीअर्टन या उपनगरात राहायच्या, आणि एकट्या म्हणायचं तर दिवसभर घरात नसायच्याच. कुणाला दवाखान्यात ने, कुणाच्या पाहुण्यांना विमानतळावर सोड, शनिवारी मराठी शाळेची मुलं गोळा कर, शेजारच्या जोनला फिजिओकडे पोचव. त्यांची जुनी निळी हॅचबॅक सगळ्या गावाला पाठ होती. पैसे कुणी विचारले तर म्हणायच्या, "मला मार्गारेटने शिकवलं, तिने कुठे घेतले?" मार्गारेट म्हणजे त्यांची पहिली शेजारीण. मावशी नव्या आलेल्या तेव्हा तान्ही मुलगी मांडीवर, नवरा बंदरावर आणि दूध आणायला डेअरीपर्यंत जायचं तरी चढाचा रस्ता. कित्येक महिने त्यांनी खिडकीतून बाहेर बघण्यात काढले. एके दिवशी ही मार्गारेट दार वाजवून म्हणाली, चल, आज माझ्या भावाच्या शेतात गाडी फिरवू. "त्या दिवशी मी या देशात आले," असं मावशी सांगायच्या.

त्यांची शिकवायची एक पद्धत होती. पहिले काही दिवस नवशिकीने फक्त उजवीकडचं बघायचं. डावीकडचं मावशी बघणार. त्या डावीकडेच बसलेल्या असत. वळणाशी, जंक्शनशी मी उजवीकडे बघून म्हणायचं "मोकळं", त्यांनी डावीकडे बघून म्हणायचं "मोकळं", आणि दोघींचं जुळलं की गाडी हलवायची. बिचकलेल्या बाईवर एकदम चहूकडचं ओझं टाकलं तर ती काहीच बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. धीर आला की मग त्या हळूहळू आपली बाजू सोडून देत. माझा धीर यायला जरा जास्तच दिवस लागले. पाठीमागून ओंडक्यांनी भरलेला ट्रक आला की मी स्टिअरिंग घट्ट धरून कडेला सरकायचे.

पुढे कुणी रमतगमत चाललेलं असलं की माझा जीव वरखाली व्हायचा. मावशी शांतपणे म्हणायच्या, "त्याच्या मांडीवर केक असेल." मी म्हणायचे, रोज प्रत्येकाच्या मांडीवर केक कसा असेल? "नसेल. पण तुझं काय जातंय असं समजायला?" कुणी वाट दिली की हात वर केलाच पाहिजे, असा त्यांचा कायदा होता. एकदा मी विसरले तर त्यांनी पुढच्या गल्लीत गाडी थांबवायला लावली. त्या माणसाने तुझ्यासाठी ब्रेकवर पाय ठेवला, म्हणाल्या, त्याला कळू दे की तुला कळलं. तो माणूस एव्हाना पापामोआला पोचला असेल, हे माझं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

गाडीचा डावा आरसा चिकटपट्टीने बांधलेला होता. डाव्या दारावर लांब ओरखडा होता, खाली चाकाच्या वाटीवर खरचटलेलं. पार्किंगमध्ये कुणीतरी घासून गेलं, असं मावशी म्हणाल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शनिवारच्या मुलांपैकी ईशान, अदिती आणि मंदारचा मुलगा, मात्र अलीकडे त्यांच्या गाडीतून येत नव्हता. त्याचा पोहण्याचा क्लास बदलला, असं अदितीने कळवलं होतं. मावशींना तो फार आवडायचा. मराठी सगळं कळायचं त्याला, उत्तर मात्र इंग्रजीत द्यायचा. "काय करणार," त्या म्हणायच्या, "पाण्यात पडल्याशिवाय पोहणंही येत नाही." आणि मग विषय बदलायच्या.

ती सोमवारची सकाळ होती. ढगाळ, पण पाऊस नव्हता. मोठ्या रस्त्याला मिळणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी मी गाडी थांबवली, अगदी पूर्ण थांबवली, जवळजवळ नाही. उजवीकडे बघितलं. "मोकळं," मी म्हटलं. मावशींनी मान डावीकडे वळवली, नीट बघितलं आणि म्हणाल्या, "डावीकडे मोकळं आहे. जा."

मी ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी हातभर पुढे गेली असेल. काय झालं कुणास ठाऊक, मी सवयीविरुद्ध डावीकडे बघितलं. फुटपाथवरून सायकलवर एक माणूस येत होता, बॉनेटला टेकेल इतका जवळ. अंगात केशरी जाकीट, डोक्यावर दिवा लुकलुकणारं हेल्मेट. मी ब्रेकवर दोन्ही पाय आपटले. त्याने सायकल वाकडी केली, एक पाय टेकवला, आमच्या काचेकडे बघितलं आणि काही न बोलता डाव्या अंगानेच गाडीच्या मागून निघून गेला. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

मावशी म्हणाल्या, "का थांबलीस? मोकळं होतं की."

त्या खोटं बोलत नव्हत्या. एवढ्या जवळून तो माणूस गेला, तरी त्यांना तो गेल्याचं कळलंच नव्हतं. मी गाडी कडेला घेतली, पाणी प्यायले आणि बूट टोचतोय असं काहीतरी सांगितलं.

त्यानंतर जे मला आधी दिसलं नव्हतं ते सगळं दिसायला लागलं. त्यांच्या घरी चहा प्यायला बसलो तेव्हा मी बिस्किटांची बशी त्यांच्या डाव्या हाताशी सरकवली. त्या बोलता बोलता टेबलावर नजर फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, बिस्किटं आणायची राहिलीच. दाराच्या डाव्या चौकटीला त्यांचा खांदा लागला आणि त्या चौकटीलाच "सॉरी गं" म्हणाल्या. एरवी मी हसले असते. आरसा, ओरखडा, चाकाची वाटी, सगळं डावीकडचं. मी नर्स आहे. डोळ्यांची डॉक्टर नाही, पण एवढं कळायला नर्सही असावं लागत नाही. शेजारी बसून बघावं लागतं.

निघताना त्यांनी सहज सांगितलं, गुरुवारी मी नाही हं, जोनला हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात न्यायचंय. टौरंगाहून हॅमिल्टनला जायचं तर काईमाईचा डोंगर ओलांडावा लागतो. घाटाचा रस्ता, वळणं, धुकं, आणि दोन्ही बाजूंनी ट्रक. मी "बरं" म्हणून जिना उतरले.

रात्री प्रसादला सांगितलं. तो बराच वेळ भांडी पुसत राहिला. मग म्हणाला, त्यांच्या मुलीला फोन कर, ती बघेल. मुलीचा नंबर माझ्याकडे नव्हता, आणि मावशींच्या पाठीमागे तो मिळवायचा म्हणजे चहाडी करण्यासारखं वाटत होतं. त्याने दुसरा उपाय सुचवला: तुझी टेस्ट होऊ दे, मग सांग. त्यात त्याची चूक नव्हती, इथे सगळे असाच हिशेब करतात. पण टेस्ट पुढच्या आठवड्यात होती आणि काईमाई गुरुवारी. शिवाय मला हेही दिसत होतं की गाडी गेली की या बाईचं काय जाणार आहे. ज्या गावात गाडीशिवाय भाजीही मिळत नाही, तिथे तिला मी पुन्हा त्या खिडकीपाशी बसवणार होते.

बुधवारी मी बंदराजवळ पाण्याच्या काठाला गाडी लावली. समोर जहाजावर क्रेन ओंडके चढवत होती. मावशींनी विचारलं, इथे कशाला, आज तर रिव्हर्स पार्किंग करायचं होतं. मी इंजिन बंद केलं.

"मावशी, मला एक सांगायचंय. टेस्टबद्दल नाही."

"बोल."

"तुम्हाला डावीकडचं दिसत नाहीये."

त्या हसल्या. थोडंसंच. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते. सोमवारी तो सायकलवाला गेला, तो तुम्हाला दिसला नाही. बॉनेटला लागला असता."

"उन्हं डोळ्यांवर होती."

"ढगाळ होतं, मावशी. आणि त्याला केशरी जाकीट होतं."

त्या समोर बघत राहिल्या. मी आरशाचं सांगितलं, बिस्किटांचं सांगितलं, चौकटीचं सांगितलं. मला ते सांगताना स्वतःचाच राग येत होता, चोरी पकडल्यासारखं वाटत होतं ते. शेवटी म्हटलं की उद्या काईमाईवरून जाऊ नका, तपासून घ्या, माझं चुकलं तर मी तुमच्या पाया पडेन.

"तू शाळेत होतीस तेव्हापासून मी या रस्त्यांवर गाडी चालवतेय," त्या म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता. "स्टॉपला थांबता येत नव्हतं तुला. आणि तू मला सांगणार?" मग जरा थांबून, "जोन किती महिने त्या अपॉइंटमेंटची वाट बघतेय, माहितेय? तिला काय सांगू, की मेघनाला वाटतं?"

त्यांनी दार उघडलं, उतरल्या, दार आपटलं नाही, नीट लावलं, आणि पाण्याच्या कडेने चालायला लागल्या. फ्लीसची टोपी वर ओढलेली पाठ लहान लहान होत गेली आणि शेडच्या पलीकडे दिसेनाशी झाली.

एक वाजता माझी शिफ्ट होती. किल्ली माझ्या हातात, गाडी त्यांची, पर्स मागच्या सीटवर. त्यांच्यामागे जावं तर त्यांना ते नको होतं हे उघड होतं. गाडी घेऊन जाणं शक्य नव्हतं. किल्ली सीटखाली ठेवून, मेसेज करून बस पकडणं शक्य होतं, आणि तेच शहाणपणाचं होतं. माझी प्रोबेशन अजून संपली नव्हती. पाऊस भुरभुरायला लागला. मी मॅनेजरला कळवलं की उशीर होईल, किती ते सांगता येत नाही. तिचं उत्तर आलं, 'ओके'. पुढे पूर्णविराम होता. त्या पूर्णविरामाकडे मी खूप वेळ बघत बसले. समोरचं जहाज भरत आलं. कडेला एक माणूस मासे पकडत होता, तो गळ गुंडाळून निघून गेला. माझ्या मनात नाही नाही ते येत होतं. पाण्याच्या कडेने गेल्यात, आणि पाणी त्यांच्या डावीकडे होतं.

त्या परत आल्या तेव्हा केस ओले होते. काचेपाशी वाकून त्यांनी आत बघितलं.

"अजून इथेच?"

"हो."

"कामावर नाही जायचं?"

"जायचंय."

त्या आत बसल्या. पट्टा लावला. आम्ही घरी गेलो. फाटकाशी त्यांनी हात पुढे केला, मी किल्ली दिली, त्या आत गेल्या. त्या उद्या जाणार की नाही, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

गुरुवारी सकाळी फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. दवाखान्यात जायच्या आधी प्रसादला ग्रीअर्टनवरून गाडी न्यायला लावली. गॅरेजचं दार उघडं होतं आणि आत गाडी नव्हती. शेजारी जोनच्या घराचे पडदे ओढलेले. प्रसाद म्हणाला, "गेल्या." मी तिथेच फुटपाथवर बसले. पोलिसांना फोन करावा का, आणि करून काय सांगावं, याच्यावर आम्ही दोघं गाडीत भांडलो. शेवटी मी कामावर गेले आणि दिवसभर माझं लक्ष वेटिंग रूममधल्या टीव्हीवर होतं. बातम्यांत काईमाईचं नाव निघालं की हातातली पट्टी तशीच राहायची. एका आजोबांनी मला विचारलं, "यू ओके, लव्ह?" मी म्हटलं, सगळं ठीक आहे. त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

दुपारी फोन आला. मागून हॉस्पिटलातल्या लाउडस्पीकरचा आवाज येत होता.

"जोनच्या पुतण्याला सुट्टी घ्यायला लावली," मावशी म्हणाल्या. "त्याने चालवली गाडी. मी मागे बसले होते, फोन पुढे राहिला." मागे कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. "डोळे दाखवायला जायचंय मला. येशील?"

मी हो म्हटलं आणि औषधांच्या खोलीत जाऊन रडले.

डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांना एका पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकवून बसवलं. समोरच्या बिंदूकडे बघायचं आणि कडेला कुठेही उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे उभी होते. मला उजेड दिसत होते. उजवीकडे लुकलुकलं की टिक आवाज यायचा. डावीकडे लुकलुकत होतं, लुकलुकत होतं, आणि खोलीत काही वाजत नव्हतं. मावशी शहाण्या मुलीसारख्या बिंदूवर नजर ठेवून पुढच्या उजेडाची वाट बघत होत्या.

काचबिंदू होता. डावा डोळा कडेने जवळजवळ गेलेला, उजव्यालाही सुरुवात. थेंब टाकून आहे ते राहील, गेलेलं येणार नाही. डॉक्टरीण तरुण होती, खुर्ची जवळ ओढून बसली आणि तिने समजावून सांगितलं की यात माणसाला अंधार दिसत नाही, मेंदू ती जागा आपल्या मनाने भरून टाकतो, रस्ता असेल तर रस्ता, गवत असेल तर गवत. म्हणून रस्ता मोकळा दिसतो. मावशींनी एकच प्रश्न विचारला: कधीपासून? दोन-तीन वर्षं तरी, ती म्हणाली. मावशींनी डोळे मिटले. स्वतःच्या डोळ्यांसाठी नाही, हे मला नंतर कळलं. त्या दोन-तीन वर्षांत गाडीत कोण कोण बसलं होतं, ते त्या आठवत होत्या.

टेस्ट मी दुसऱ्या खेपेला पास झाले. मावशींना सांगायला गेले तर त्या जोड्यांचे बंद बांधत होत्या. ज्यांना ज्यांना मी नेते-आणते त्या सगळ्यांना सांगून यायचंय, म्हणाल्या, चल. ग्रुपवर एक मेसेज टाकला असता तर पाच मिनिटांत काम झालं असतं. तसं मी बोलूनही दाखवलं. "आणि त्यांनी अंगठे पाठवले असते," त्या म्हणाल्या. मी गाडीने न्यायची तयारी दाखवली, त्यांना बस हवी होती. यापुढे बसच आहे, तर आजपासून सवय करते. असे आम्ही दोन शनिवार बसने हिंडलो. प्रत्येक घरी त्या बसायच्या, सांगायच्या, पुढे कोण नेईल त्याची व्यवस्था लावून द्यायच्या. काही जणी रडल्या, एकीने लगेच कॅलेंडर उघडून तिच्या विमानतळाच्या तारखेचं काय, असं विचारलं. मावशींनी तिलाही दुसरी गाडी बघून दिली.

शेवटचं घर अदिती आणि मंदारचं होतं, पापामोआला. मंदार कानाला हेडफोन लावून आतल्या खोलीत मीटिंगमध्ये होता. अदितीने लॅपटॉप अर्धा मिटला आणि म्हणाली, "मावशी, एवढ्या लांब बसने? फोन केला असता तरी चाललं असतं."

मावशींनी सांगितलं. मी अदितीच्या तोंडाकडे बघत होते. बाकीच्या घरांत आधी आश्चर्य दिसायचं. इथे आश्चर्य नव्हतं. सुटल्यासारखं काहीतरी होतं, आणि लगेच त्याच्यावर ओढलेली काळजी. मावशींचं डावीकडचं गेलं होतं, समोरचं नाही.

"तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

अदिती काही बोलणार तेवढ्यात सोफ्यावरचा ईशान मान वर न करता म्हणाला, "शी डिडन्ट सी द लेडी ॲट द क्रॉसिंग. आय टोल्ड यू, मम. हीप्स ऑफ टाइम्स."

आतून मंदारचा मीटिंगमधला आवाज येत होता. अदितीचा चेहरा लाल झाला. कसं सांगायचं तेच कळेना, ती म्हणाली, तुम्ही एवढं करता सगळ्यांसाठी, तुम्हाला वाईट वाटलं असतं. आणि इथे दोघांच्या नोकऱ्या, वेळच नसतो, आज बोलू उद्या बोलू करत राहून गेलं. त्यात क्लास बदलला म्हणून टाकलं.

"वाईट वाटलंच असतं," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "आठ दिवस तुझ्याशी बोलले नसते. पण अदिती, तू तुझं मूल उतरवून घेतलंस. ते बरोबरच केलंस. आम्हाला बाकीच्यांना मात्र गाडीतच ठेवलंस."

अदिती ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. मला तिथे एक क्षण थांबवेना. बसची वेळ झाली होती, मी पर्स उचलली, मावशींना खूण केली. त्यांनी ती पाहिली आणि न पाहिल्यासारखी केली. अदितीच्या शेजारी सरकून बसल्या. तिच्या पाठीवर हात नाही ठेवला, काही समजूत नाही घातली. तिचं रडून झालं तेव्हा म्हणाल्या, "चहा कर. आलं असेल तर घाल." मग आम्ही चहा प्यायलो. ईशानने त्यांना त्याचं पोहण्याचं सर्टिफिकेट दाखवलं. मंदार मीटिंग संपवून आला, त्यालाही त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. आमच्या दोन बसेस गेल्या.

नलूमावशी आता ऑकलंडला लेकीकडे असतात. तिकडे ट्रेन आहे, बस आहे, त्यांचं अडत नाही. निळी गाडी जोनच्या पुतण्याने नेली. मी रोज घरोघरी ड्रेसिंगला जाते, कधीतरी कुणाला न ऐकवणारं सांगावं लागतं, जखम भरत नाहीये, पाय वाचणार नाही. बाहेर पुढचे पेशंट खोळंबलेले असतात. तेव्हा मला त्या दिवशीचा पापामोआचा बसस्टॉप आठवतो.

मी वैतागले होते. एवढं बोलून झाल्यावर तासभर बसायचं कशाला, मला तर कधी एकदा उठतेय असं झालं होतं, असं मी त्यांना म्हटलं.

"म्हणूनच बसायचं," मावशी म्हणाल्या. "खरं बोलून लगेच उठून गेलं की ते दगड मारून पळाल्यासारखं होतं." मग त्यांनी जाकिटाच्या खिशात हात घातला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. "त्या दिवशी बंदरावर माझ्या या खिशात दुसरी किल्ली होती. तुला ठाऊक नाही. तू निघून गेली असशील, असंच धरून मी परत आले. गेली असतीस ना, तर तशीच गाडीत बसले असते आणि दुसऱ्या दिवशी जोनला घेऊन काईमाई चढले असते. तू सांगितलंस त्याने काही झालं नाही गं. राग आला फक्त. पण येऊन बघते तर तू बसलेली."

पुढच्या बसला अवकाश होता. आम्ही दोघी बसून राहिलो.